मिरचीच्या मागची शिकेकाई

शिकेकाई दळायला न्यायची ती सकाळी, गिरणी उघडल्या उघडल्या. मिरचीच्या मागं कधी दळायची नाही. पिशवी माझ्या हातात देताना आई हे प्रत्येक वेळी बजावायची आणि मी प्रत्येक वेळी "हो गं, माहितीये" म्हणायची. माहीत असणं वेगळं आणि तसं वागणं वेगळं, हे मला अकराव्या वर्षी कळलं. कळलं म्हणजे काय, चांगलं पाठीवर उमटलं.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचं साल असेल. आम्ही नाशिकरोडला चाळीत राहायचो. दोन खोल्या, मागं मोरी, आणि चाळीच्या तोंडाशी सगळ्यांत मिळून एक नळ. बाबा सायकलवरून एकलहऱ्याला पॉवर हाऊसमध्ये शिफ्टला जायचे. आई सिन्नरकडच्या खेड्यातली. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली, पण केसांचं म्हणाल तर आख्ख्या चाळीत तिचा शब्द शेवटचा. कोणाच्या पोरीला उवा झाल्या, कोणाला कोंडा झाला, कोणाचे बाळंतपणानंतर केस गळायला लागले, की ती बाई आमच्या उंबऱ्यात येऊन बसलीच म्हणून समजा.

आमच्याकडं वर्षाची शिकेकाई उन्हाळ्यात करून ठेवायची पद्धत होती. शिकेकाईच्या शेंगा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी आणि थोडी मेथी, हे सगळं आई गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणायची. नाशिकरोडची माणसं नाशिकला 'गाव' म्हणतात, तेच हे गाव. संत्र्याच्या साली मात्र आम्ही हिवाळाभर जमवून वाळवायचो. रिठे फोडून बिया काढायचं काम माझ्याकडं असायचं. त्या काळ्या कुळकुळीत बिया मी खेळायला ठेवून घ्यायची. सगळा ऐवज चटईवर वाळायला पडला की खोलीभर असा काही वास सुटायचा, की आजही कुठं नागरमोथ्याचा वास आला तर मी चालता चालता थांबते. आता माझ्या न्हाणीघरात चार बाटल्या उभ्या असतात. चारींवर पानाफुलांची चित्रं आहेत आणि चारींना अत्तराचा वास येतो. चालायचंच.

तेल व्हायचं ते वेगळं. पाटाच्या कडेला माका उगवतो, तो मी उपटून आणायची. आई तो पाट्यावर वाटून फडक्यातून पिळायची. तो हिरवा-काळा रस, जास्वंदीची फुलं, ब्राह्मीची पानं आणि खोबरेल, असं सगळं लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवायची. ते तासन् तास चरचरत बसायचं. तेल झालं की नाही हे बघायला आई कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. वात तडतडली की म्हणायची, "अजून पाणी हाय." न तडतडता सरळ जळली की कढई खाली उतरायची. मला तेवढा धीर कधीच नव्हता. मी दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारायची आणि आई दर वेळी "तुझ्या लग्नापातुर हुईल" म्हणायची.

त्या वर्षी संक्रांतीनंतर ताईला टायफॉइड झाला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आदल्या साली अकरावी मॅट्रिक पास झालेली. आमच्या सगळ्या भावकीत मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. बाबांनी त्या दिवशी चाळीत पेढे वाटले होते आणि वाटताना स्वतःच चार खाल्ले होते. वर्षभर थांबून तिला डी.एड.ला घालायचं, मास्तरीण करायचं, हे बाबांनी मनाशी पक्कं केलेलं. ताईलाही तेच हवं होतं. चाळीतली पोरं रांगेत बसवून ती त्यांना पाढे म्हणायला लावायची. मी चुकले की मला दोन चापट्या जास्त मिळायच्या, बहीण म्हणून.

ताप एकवीस दिवस राहिला. उतरला तेव्हा ताईच्या अंगावर नुसती हाडं आणि कातडं उरलं होतं, पण ती वाचली. आणि मग केस गळायला लागले. ताईचे केस कमरेच्या खाली यायचे. उशीवर, कंगव्यात, अंथरुणात नुसती गुंतवळं. आई रोज सकाळी ती गोळा करायची आणि पदराखाली झाकून बाहेर न्यायची, ताईला दिसू नयेत म्हणून. होळीपर्यंत डोक्यावर इतके विरळ केस राहिले, की आईनं एका दुपारी कात्री घेतली आणि उरलेसुरले बारीक कापून टाकले. ताई शांत बसून होती. मीच भोकाड पसरलं.

नेमकी त्याच वेळी नळाजवळच्या खोलीतली मावशी ताक घेऊन आली. म्हातारी नांदगावकडची. जिभेला हाड नाही. दारातूनच म्हणाली, "अगं बया, पोरीचा पार गोटा झाला की! आता हिला कोण करून घेईल?" वाईट मनाची नव्हती ती, पण तोंडात आलेलं गिळायची सवय नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताकाचा तांब्या उचलून तिच्या डोक्यावर ओतावा असं वाटलं.

त्या दिवसापासून ताईनं डोक्याला फडकं बांधलं. आईच्या जुन्या पातळाचा तुकडा होता, मऊ, विटका. घराबाहेर पाऊल टाकणं तिनं बंद केलं. भिंतीवरचा आरसा उतरवून ट्रंकेमागं ठेवला. बाबा दाढी करायला शेजारी जायला लागले, पण 'आरसा लावा' असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. पोरं पाढे म्हणायला आली की ताई आतल्या खोलीत जाऊन बसायची.

डॉक्टर म्हणाले होते, "केस आपोआप येतील, तेलाबिलाचं काही नाही त्यात." आई घरी येऊन म्हणाली, "त्याला काय कळतंय? त्याच्याच डोक्यावर टक्कल हाय." आणि तिनं कढई चढवली. रोज संध्याकाळी ताईला पुढ्यात बसवून फडकं सोडायची आणि कोमट तेल बोटांनी जिरवायची. आठवड्यातून एकदा शिकेकाईनं न्हाऊ घालायची. तेल लावताना एकच पालुपद असायचं, "येत्यात गं, लय दाट येत्यात. मला हाताला लागतंय." ताई डोळे मिटूनच म्हणायची, "तू आई आहेस. तू म्हणणारच."

केस खरंच येत होते. मी बघत होते ना! आधी नुसती काळी लव, मग बोटाच्या पेराएवढे, मग दोन पेरं. पण मी सांगायला गेले तर ताई माझ्यावरच खेकसायची, "तुला कोणी विचारलं?" मीही काही कमी नव्हते. म्हणायची, "नको बघू जा, बस अशीच." आमचं दोघींचं बोलणं त्या दिवसांत एवढंच.

जुलैत डी.एड. कॉलेजचं कार्ड आलं. प्रवेश मिळाला होता. येत्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल, असं त्यात लिहिलेलं. बाबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि ताईकडं बघितलं. ताई म्हणाली, "मी जाणार नाही."

बाबा तसे कमी बोलणारे. ते म्हणाले, "बाळा, सीट जाईल."

"जाऊ दे."

"का पण?"

"असं डोकं घेऊन मी वर्गात बसू? पोरं शिकवायची मी, आणि पोरं हसतील मला."

बाबांनी कार्ड घडी करून खिशात घातलं, परत काढलं, परत घातलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. आई ताईजवळ बसून तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "रविवारी येकदा न्हाऊ घालते. मोकळं वाटंल. मग नाय म्हण, मी आडवायची नाय." ताईनं मान हलवली, पण ती होकाराची होती की आईला गप्प करण्यापुरती, ते कळलं नाही. आम्हा सगळ्यांचा जीव त्या रविवारात अडकला होता. सोमवार गेला असता तर ताई घरातच संपली असती. हे मला त्या वयातही समजत होतं, म्हणून तर पुढचं सांगताना अजून लाज वाटते.

नेमकी दळलेली शिकेकाई संपलेली. डब्यात शेंगा, रिठे सगळं होतं, पण पावसाळी हवेनं सादळलेलं. आईनं ते तव्यावर शेकून कडक केलं, पिशवीत भरलं आणि शुक्रवारी सकाळी माझ्या हातात दिलं. "पहिला नंबर लाव. मिरचीच्या मागं दळू नको."

"हो गं, माहितीये."

माझी शाळा दुपारची. वाटेत शेजारच्या चाळीतली एक मुलगी सागरगोटे घेऊन ओट्यावर बसलेली. आदल्या दिवशी तिनं मला हरवलं होतं, वर जीभ काढून दाखवली होती. आता अशा वेळी कोणी सरळ गिरणीवर जाईल का? मी पिशवी बाजूला ठेवली आणि बसले. एक डाव, दोन डाव, पाच डाव. तिला हरवून उठले तोवर अकरा वाजायला आलेले.

गिरणीत दोन चक्क्या होत्या. एक धान्याची, दुसरी मिरची-मसाल्याची आणि शिकेकाईची. मी पोचले तेव्हा स्टेशनाजवळच्या खानावळीची पाच किलो मिरची नुकतीच दळून झाली होती. गिरणीवाले काका नाकाला रुमाल बांधून डबा झाकत होते. मला बघून म्हणाले, "आता नाही गं पोरी. मिरची निघालीय. उद्या सकाळी ये, नाहीतर घरून दोन किलो भरड ज्वारी आण, ती दळून चक्की साफ करतो आणि मग हे दळून देतो."

न दळताच पिशवी घेऊन घरी जायचं म्हणजे आईचा मार. ज्वारी आणायला जायचं म्हणजे शाळेला उशीर आणि बाईंचा मार. माझं डोकं अशा वेळी फार जोरात चालतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशातली गत. मी बेधडक म्हटलं, "डोक्याला नाहीये काका. भांड्यांना पाहिजे. आई पितळ घासते यानं."

"पितळ? शिकेकाईनं?"

"आमच्याकडं घासतात."

काकांनी खांदे उडवले आणि पिशवी चक्कीत रिकामी केली. पीठ हाताला गरम लागत होतं आणि नेहमीपेक्षा जरा लालसर होतं. मी बघितलं. बघून पिशवीचं तोंड बांधलं. घरी आईनं ते पातळाच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केलं, तेव्हा ती सारखी शिंकत होती. पण शिकेकाई चाळताना सगळेच शिंकतात, त्यामुळं तिला शंका आली नाही. मी शाळेत पळाले. शनिवार तसाच गेला. दोन-चार मिरच्यांनी काय होतंय, असं मी मनाला सांगत होते, आणि मन काही ऐकत नव्हतं.

रविवारी सकाळी आईनं शिकेकाई उकळली. ताईला मोरीत पाटावर बसवलं, फडकं सोडलं आणि डोक्यावर पहिली वाटी ओतली. मी उंबऱ्यात उभी. बाबा बाहेर ओट्यावर, हातात पेपर, पण पान काही उलटत नव्हते.

"आई, झोंबतंय," ताई म्हणाली.

"नवी कातडी हाय, झोंबंल जरा," म्हणत आई चोळत राहिली.

"अगं जास्त झोंबतंय!"

मग आईच्याही हातांची आग व्हायला लागली. तिनं हात नाकाशी नेला, वास घेतला आणि सावकाश माझ्याकडं वळून बघितलं. तेवढ्यात ताई किंचाळली, "आई गं! आग, आग झाली डोक्याची!" बादलीतलं सगळं पाणी ओतलं तरी थांबेना.

"काय केलंस गं?" आई माझ्यावर ओरडली.

"मिरचीच्या मागं दळलं!" एवढं बोलून मी बाहेर धूम ठोकली.

आणि ताई माझ्या मागं! चार महिने घराचा उंबरा न ओलांडलेली ताई, ओल्या परकरात, साडी कशीबशी गुंडाळलेली, डोक्यावरून तपकिरी पाणी गळतंय, डोळे लालभडक, आणि तोंडानं चालू, "थांब भवाने! आज तुझी हाडंच मोडते!" आख्खी चाळ दारात आली. आम्ही ओटे ओलांडत, वाळत घातलेल्या गोधड्यांखालून पळतोय. नळापाशी तिनं मला गाठलं. एका हातात माझी वेणी धरली, दुसऱ्या हातानं नळाखालची कोणाची तरी घागर ढकलली आणि डोकं तसंच नळाच्या धारेखाली घातलं. वेणी काही सोडली नाही. मी तिथंच वाकडी उभी, रडत.

रविवारची नळावर ही गर्दी. सगळ्या बायका घागरी खाली ठेवून बघायला लागल्या. कितीतरी वेळानं ताईनं डोकं वर काढलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कुठं आहोत. हात आपसूक डोक्याकडं गेला. डोक्यावर फडकं नव्हतं. तिचा चेहरा असा पडला, की वेणी ओढली जात होती ते मी विसरले. मला वाटलं, संपलं. आता ही परत कधी बाहेर येणार नाही, आणि हे माझ्यामुळं झालं.

गर्दीतून मावशी पुढं आली. आता ही बया काय बोलते देव जाणे. पण तिनं ताईला दरडावून नळाच्या दगडावर बसवलं, घरात जाऊन दह्याचं आख्खं गाडगं आणलं आणि मूठमूठ दही ताईच्या डोक्यावर थापायला लागली. थापता थापता एकदम थांबली. दोन्ही हातांनी केस चाचपले.

"अगं बया! केवढं आल्यात हे! आन् काळंभोर!" मग बाकीच्यांकडं वळून म्हणाली, "या गं, हात लावून बघा. माझ्या सुनंला एवढं दाट नायत." मग पुन्हा ताईवर घसरली, "आन् तू काय आंड्यावर बसलेल्या कोंबडीवानी घरात बसलीस? लाज नाय वाटत?"

खरंच दोन-तीन बायका पुढं आल्या. एकीनं हात लावला आणि म्हणाली, "खरंच की गं." एक जण हसली, दह्यानं माखलेलं डोकं बघून. मग दुसरी हसली. ताई खाली मान घालून बसलेली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, म्हणून मी वाकून बघितलं, तर ती हसत होती. नाकावरून दही गळतंय आणि ही हसतेय.

आईनं घरी मला जे धपाटे घातले, त्यांची मोजदाद मी ठेवली नाही. शेवटी ताईच मधे पडली. "पुरे आई, लहान आहे ती," म्हणाली, आणि आईची पाठ वळल्यावर स्वतःचा एक चांगला सणसणीत लगावला. संध्याकाळी तिनं ट्रंकेमागचा आरसा काढून खिळ्यावर अडकवला. त्यात बराच वेळ बघत राहिली. बाबा म्हणाले, "उद्याची माझी पहिली पाळी आहे, मला सोडायला येता येणार नाही." ताई म्हणाली, "हिला घेऊन जाईन स्टॉपपर्यंत." जाणार म्हणून तिनं सांगितलं ते असं.

सोमवारी ताईनं पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली. फडकं बांधलं नाही, पण डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला. चाळीतून जाताना ठीक होती, स्टॉपवर मात्र पाय अडकले. गावातल्या शालिमारला जाणारी एक बस आली आणि गेली. ती चढलीच नाही. माझा जीव टांगणीला. दुसऱ्या बसला शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "नवीन लग्न झालंय वाटतं?" डोक्यावरच्या पदरामुळं त्यांचा तसा समज झाला असणार. ताईनं पदर खाली घेतला, खांद्यावर नीट बसवला आणि म्हणाली, "नाही. टायफॉइडमध्ये केस गेले होते. आता येतायत. मी डी.एड.ला चाललेय." आणि बसमध्ये चढली.

मी धावत घरी आले. आई दारातच उभी होती, पिठाचे हात तसेच.

"बसली गाडीत?"

"बसली."

"आन् पदर?"

"काढला. तिचा तिनं काढला."

आई उंबऱ्यातच खाली बसली आणि रडायला लागली. एकवीस दिवसांच्या तापात ती रडली नव्हती. उशीवरची गुंतवळं गोळा करताना नाही, कात्री चालवताना नाही. मी घाबरून तिला बिलगले. "आई, अगं गेली की ती! तू तर रोजच म्हणायचीस, केस येतायत म्हणून. आले ना?"

तिनं पिठाच्याच हातांनी मला जवळ ओढलं. "म्हनायची गं," ती म्हणाली. "पण मला कुठं खरं वाटत व्हतं?"